तापणारे इंजिन

जयसिंगपूरच्या पेठेतील एका कापड दुकानाचे मालक, ज्यांना घरात आणि बाजारातही सर्वजण अण्णा म्हणतात, दर सोमवारी व गुरुवारी दुपारी वसुलीची वही पिशवीत घालून आपली शंभर सीसीची मोटारसायकल बाहेर काढीत. शिरोळ, नृसिंहवाडी, कुरुंदवाड अशी गावे करून दिवस मावळण्यापूर्वी ते परत येत. वय अडुसष्ट. उधारी फोनवरूनही मागता येते हे त्यांना ठाऊक होते. परंतु समोर जाऊन बसल्यावर गिऱ्हाईक जे देते ते फोनवर देत नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव होता आणि तो कोणा व्यापाऱ्याला खोटा वाटणार नाही.

गेल्या दिवाळीनंतर ही गाडी तापू लागली. शिरोळ मागे पडले की इंजिनाचा जोर ओसरे, मूठ पिळली तरी वेग वाढत नसे, तेल जळल्यासारखा वास येई. एखाद्या झाडाखाली अर्धा तास उभी केली की स्वारी पुन्हा सुरळीत. रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना ऊस. घाट नाही की चढ नाही. पेठेतल्या एका गॅरेजवाल्याने गाडी पाहून पिस्टन, रिंग आणि बोअर यांचे काम निघाल्याचे सांगितले. खर्च सहा हजार.

मुलाचे मत निराळे होते. "अण्णा, आता ही गाडी काढून टाकू या. तुम्हाला बॅटरीवरची स्कूटर घेतो."

"तापते म्हणून गाडी काढायची," अण्णा म्हणाले, "उद्या मला ताप आला तर काय करणार आहात?"

हसण्यावारी विषय गेला खरा, पण त्यामागचा मुद्दा दोघांनाही कळत होता. आठवड्यातून दोनदा एकट्याने बाहेर पडणे हाच अण्णांच्या हाती उरलेला स्वतंत्र कारभार होता. गल्ल्यावर केव्हाच मुलगा बसू लागला होता.

शेवटी अण्णांच्या आग्रहावरून गाडी एका जुन्या मिस्त्रींकडे गेली. या गृहस्थांची रीत पाहण्यासारखी होती. त्यांनी पाना हातात घेण्याआधी विचारले, "तापते म्हणजे नेमके काय होते?" प्रश्न वाटतो तितका भाबडा नव्हे. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला हात लावला तर चटका बसणारच. त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो चुरचुरून उडणारच. तो दोष नव्हे, तो त्याचा स्वभाव आहे. जोर ओसरणे आणि थंड झाल्यावर तो परत येणे, ही खरी खूण.

इंजिनातील उष्णतेचा हिशेब आपल्या वहीसारखाच मांडता येतो. शंभर रुपयांचे पेट्रोल जळले तर ढोबळ मानाने पंचवीस-तीस रुपयांचेच काम चाक फिरवण्याच्या कामी येते. बाकीची उष्णता धुराबरोबर सायलेन्सरमधून, सिलिंडरवरच्या पात्यांवरून वाऱ्याबरोबर आणि काही तेलामार्फत बाहेर जाते. इंजिन प्रमाणाबाहेर तापले म्हणजे एक तर जमा वाढली, नाही तर खर्ची पडण्याची वाट अडली. मिस्त्रींनी आधी वाटा पाहिल्या. उसाच्या ट्रॉल्यांमागून जाताना उडणारा चिखल पात्यांमध्ये वाळून बसतो, तो नव्हता. तेल काडीवरच्या खुणेपर्यंत होते, पातळ किंवा जळके नव्हते. प्लग काढला. त्याचे टोक पांढरेफटक असते तर हवा जास्त व पेट्रोल कमी, म्हणजे जळण कोरडे आणि तापट. काजळीने काळे असते तर उलट. ते विटकरी होते, म्हणजे जसे असावे तसे. कार्बोरेटर आणि इंजिन यांमधल्या रबराला चीर गेली की तेथून फुकटची हवा आत शिरते, तीही नव्हती. सायलेन्सरमधून निळा धूर नाही, तेल घटत नाही. मग रिंग गेली म्हणण्यास आधार काय, असे ते स्वतःशीच पुटपुटले.

अण्णांनी तेवढ्यात पिशवीतून एक छोटी डायरी काढली. प्रत्येक फेरीचे किलोमीटर आणि पेट्रोल त्यात लिहिलेले. दसऱ्यापर्यंत लिटरला साठच्या आसपास पडत होते, आता सेहेचाळीस.

"इंजिन आजारी नाही," मिस्त्री म्हणाले. "ते जास्त राबतंय. पण कशासाठी?"

गाडी मधल्या स्टँडवर घेऊन त्यांनी मागचे चाक हाताने फिरवले. ते हलकेच फिरले. चेन फार ताणलेली नव्हती. येथे त्यांची गाडी अडली. मग त्यांनी मागितली ती वस्तू गॅरेजमध्ये सहसा कोणी मागत नाही: जुनी बिले. मुलगा दुकानात जाऊन तारेला टोचलेली बिले घेऊन आला. मागच्या ब्रेकचे शू पाच महिन्यांत दोनदा बदललेले होते. दोन्ही वेळा पैसे वेळेवर दिले गेले होते, खर्च योग्य खात्यात पडला होता आणि कोणी काही विचारले नव्हते.

"अण्णा, तुम्ही चालवा. मी आणि धाकटे शेठ मागून येतो."

शिरोळच्या रस्त्यावर मुलाने प्रथमच आपल्या वडिलांना मागून गाडी चालवताना पाहिले. मोकळा रस्ता, पुढे कोणी नाही, आणि अण्णांच्या गाडीचा मागचा लाल दिवा पेटलेला. तो विझेल म्हणून मुलगा वाट पाहत होता. तो विझला नाही.

थांबल्यावर मिस्त्रींनी मागच्या ड्रमवर पाणी शिंपडले, वाफ उठली. अण्णांनी पाय खाली ठेवताच दिवा विझला होता, म्हणजे दोष बटणाचाही नव्हता. उजवा पाय सबंध वाटभर ब्रेकवर टेकलेला होता, आणि इंजिन तो ब्रेक ओढत चालले होते.

"शक्यच नाही," अण्णा म्हणाले. "माझा पाय फूटरेस्टवर होता."

ते खोटे बोलत नव्हते. मुलाने खाली वाकून पाहिले. उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला, जेथे सायलेन्सरची नळी जवळून जाते, तेथे रुपयाएवढा भाजल्याचा फोड होता, कडेने चिघळलेला.

"अण्णा, हे केव्हा झाले?"

"काय?" असे म्हणून अण्णांनी स्वतःच वाकून पाहिले.

मधुमेह बारा वर्षांचा. गोळ्या नियमित, साखरही बहुतेक वेळा मर्यादेत. तळपायाची संवेदना जात असल्याचे ना त्यांनी कधी सांगितले, ना कोणी विचारले. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून नायलॉनचा बारीक धागा पायाला दहा ठिकाणी टेकवला. डाव्या पायाला सात वेळा कळले, उजव्याला तीन. जखम महिन्याभरात भरली. आणखी पंधरा दिवस ती तशीच राहिली असती तर काय झाले असते, हे डॉक्टरांनी मुलाला बाहेर घेऊन सांगितले.

मिस्त्रींनी ड्रम साफ करून शू बदलले आणि तेवढेच पैसे घेतले. रोग शोधण्याची मजुरी लावा म्हटले तर ते ऐकेनात. सहा हजारांचे काम झाले असते, त्याची रीतसर पावती मिळाली असती आणि इंजिन पुन्हा तापले असते, हा विचार मुलाला बरेच दिवस सुटला नाही.

गाडी विकली नाही. सोमवारी आणि गुरुवारी ती मुलगा चालवतो, अण्णा मागे बसतात. दुपारी तेवढा वेळ गल्ल्यावर सूनबाई असतात. दोघांच्या वजनामुळे लिटरला पंचावन्नच पडतात, याबद्दल अण्णांची तक्रार आहे. रात्री नातू विजेरी घेऊन आजोबांचे तळवे तपासतो, आणि अण्णा त्याच डायरीत किलोमीटरच्या ओळीखाली लिहितात: पाय ठीक.