संमतीचा अंगठा

जळगावच्या सराफ बाजारात काय किंवा धुळ्याच्या भाजीमंडईत काय, नाण्यांचा खणखणाट हल्ली मंदावला आहे. पाटीवरच्या चौकोनी खुणेसमोर मोबाइल धरला की व्यवहार आटोपतो. या सोयीचे आम्हांस कौतुकच आहे. परंतु पैसे पोहोचविणाऱ्या कंपन्या मधूनमधून आपले खासगीपणाचे धोरण व ग्राहकाशी केलेला करार बदलतात आणि ‘मान्य आहे’ येथे बोट टेकल्यावाचून पुढे जाऊ देत नाहीत, तेव्हा आमचे बोट अडखळते. शेक्सपिअर शिकविण्यात हयात घालविलेल्या आम्हांस ते इंग्रजी उलगडावयास तासभर लागतो. मग टपरीवाल्याने काय करावे?

प्रश्न नवा नव्हे. न वाचता येणाऱ्या खतांवर अंगठे उठविणारा कुणबी १८७५ साली सुप्यास खवळला व त्याने सावकारांची खते जाळली. पुढे १८७९ च्या कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांत असे ठरविले की, शेतकऱ्याचे खत ग्रामनिबंधकासमोर व्हावे आणि सहीपूर्वी ते त्यास मोठ्याने वाचून दाखवावे.

संमतीची मागणी सोप्या भाषेत असावी, आणि ती इंग्रजीत वा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, अर्थात मराठीतही, वाचण्याची मुभा असावी, अशी तरतूद २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आहे. मात्र ग्रामनिबंधक वाचून दाखवी. यंत्र नुसतेच दाखविते. म्हणून मराठी मजकूर मागण्याचा हक्क शिकल्यासवरल्यांनी प्रथम बजवावा. आपणच न वाचता बोट टेकू लागलो, तर टपरीवाल्याच्या वतीने तो मागणार कोण?