डफडं खाली ठेवलं, ढोलकी हाती घेतली

लोककलेमुळे गाव एकत्र बांधलेलं होतं, असं भाषणांतून नेहमी ऐकायला मिळतं. मी बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यातल्या एका बौद्धवाड्यात वाढलो. मला प्रश्न पडतो, बांधलेलं होतं की बांधून ठेवलेलं होतं?

माझे आजोबा पोळ्याला, लग्नाला, मयतीला डफडं वाजवायचे. ते त्यांच्या वाट्याला आलेलं गावकीचं काम होतं. नाही म्हणायची सोय नव्हती. मिरवणूक देवळात शिरली की आजोबा बाहेर. जेवण सगळ्यांत शेवटी, तेही लांब बसून. कला त्यांची, मान दुसऱ्यांचा. याला बंधुभाव कसं म्हणायचं?

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. पुढच्या पोळ्याला आजोबांनी डफडं वाजवायला नकार दिला. गावाने त्यांची मजुरी बंद केली. आजी सांगायची, त्या दिवसांत वाड्यात ज्याच्या घरी भाकर असे, तो अर्धी शेजारी देई.

मग वाड्यात भीमगीतांचं मंडळ निघालं. आजोबांनी ढोलकी धरली. हात तेच, पण आता वाजवणं त्यांच्या मर्जीचं होतं. ही वाट आधीच पडलेली होती. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा बाज घेऊन त्यात नवा विचार भरला. १९३० नंतरच्या दशकात भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. पुढे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) आयुष्यभर गात फिरले. ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं, त्यांच्यापर्यंत बाबासाहेब गाण्यातून पोचले.

आमच्या मंडळाला मिळालेली बिदागी एका डब्यात जमा व्हायची. त्यातून पोरांची वह्या-पुस्तकं यायची. माझी दहावीची फी त्याच डब्यातून भरली गेली.

आज १४ एप्रिलची वर्गणी डीजेवर जाते. तरुणांच्या आनंदावर माझा राग नाही. पण डीजेपुढे आपण नुसते नाचतो. गाणारा, वाजवणारा, ऐकून प्रश्न विचारणारा कोणी उरत नाही. आणि डबा रिकामाच राहतो.

म्हणून एवढंच म्हणतो: यंदा वर्गणीतला अर्धा पैसा मंडळाला द्या. ढोलकी, पेटी दुरुस्त करा. मुलींच्या हाती खंजिरी द्या. आजोबांनी डफडं का सोडलं, हे त्यांना त्याच रात्री सांगा.

जय भीम!