न्हाणीवर छप्पर नसतं

पयानघाटात उंचावरून काही दाखवायचं तर चढायला जागाच नाही. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मधे पूर्णेचं हे सपाट खोरं. दर्यापूर-मूर्तिजापूरकडे पूर्वी शिवाराचा फोटो हवा असला की फोटोग्राफर गावच्या पाण्याच्या टाकीवर चढायचा. आम्ही काही मित्र खारपाणपट्ट्यावर छोटा माहितीपट करत होतो, त्याला टाकीची उंची पुरणार नव्हती. या पट्ट्यात जमीन काळी, खोल, चिकण. पण जमिनीखालचं पाणी खारं. त्यावर ओलीत केलं तर पीक तर जातंच, जमीनही बिघडते. म्हणून भिस्त पावसावर आणि शेततळ्यावर. माती इतकी चिकण की कित्येक तळ्यांना प्लास्टिकचं अस्तरही लागत नाही. पण रस्त्यावरून पाहिलं तर शेततळं म्हणजे नुसता मातीचा बांध. आतलं पाणी दिसतच नाही. ते दाखवायचं तर ड्रोनच हवा होता.

अमरावतीत लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला आधी विचारलं. दर परवडणारा होता. प्रमाणपत्राचं विचारलं तर हसला. "इथं कोन इचारते हो सर? वरातीवर रोज उडवतो आपन." खरं होतं, कोणीच विचारत नाही. पण आमच्या माहितीपटाला एका संस्थेचे पैसे होते आणि त्यांच्या हिशेबनिसाला कागद हवे होते. त्या हिशेबनिसाचे आभार मानावेत तितके थोडे.

2021च्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून जड आणि दोन किलोपर्यंतचा ड्रोन हौसेनं उडवला तर चालतो, धंद्यासाठी उडवायचा तर चालवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र हवं. ड्रोनला नोंदणी क्रमांक हवा आणि तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमाही. हे सगळं असलेला मुलगा शेवटी मूर्तिजापूर तालुक्यातला निघाला. दहावीनंतर आयटीआय, मग पुण्याकडे आठवडाभराचं प्रशिक्षण. त्यानं मागितलेले पैसे पहिल्याच्या जवळपास दुप्पट होते.

मी त्याला जागांची यादी पाठवली. यादीत मी जरा हात सैल सोडला होता: नरनाळा किल्ला, बडनेरा, श्रावणातल्या शेवटच्या सोमवारची अकोल्याची कावडयात्रा, आणि मग पूर्णाकाठची गावं. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"सर, नरनाळा नाई होत. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाची हद्द होय ती. वनखात्याची परवानगी आना, मंग पाहू."

"आणि कावड?"

"गांधीग्रामपासून राजराजेश्वरापर्यंत मानसंच मानसं असतात. एखाद्याच्या डोक्यावर पडला तं?"

बडनेऱ्याबद्दल त्यानं आधी नकाशा पाहिला. जवळच्या बेलोरा विमानतळावरून 16 एप्रिल 2025 पासून मुंबईचं विमान सुरू झालं आणि त्या बाजूचं आकाश पूर्वीसारखं मोकळं राहिलं नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंतच मोकळीक. त्याच्या आत आलात की परवानगी. एरवी हिरव्या भागात 400 फूट. डिजिटल स्कायच्या नकाशावर हे लाल, पिवळे, हिरवे रंग कोणालाही दिसतात. मी ते त्याच्यामुळे पहिल्यांदा पाहिले. पूर्णाकाठ हिरवा निघाला. तरी त्यानं ठाण्यात अर्ज दिलाच.

अमरावतीहून मूर्तिजापूरकडे जाताना राष्ट्रीय महामार्ग 53 लागतो. जून 2022 मध्ये लोणी ते माना या टप्प्यात 75 किलोमीटरची एक लेन 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज विक्रम केला तो हा. त्यावरून उतरून गावरस्त्याला लागलं की गाडीचा वेग पुन्हा बैलगाडीला शरण जातो. पावसाळा नुकताच सरला होता, काळ्या मातीचा चिखल चाकांना सोडत नव्हता.

सकाळचं ऊन तिरपं असतं, बांधांच्या सावल्या लांब पडतात, पाणी चमकतं. म्हणून मी सहाची वेळ धरली होती. गाव कडेनं घेऊन पूर्णेपर्यंत एक लांब शॉट मला हवा होता. मुलगा ड्रोनची पेटी उघडेना.

"गावावरून आत्ता नाई उडवत, सर."

"का? नकाशावर तर हिरवं आहे."

"नकाशाले काय माईत? इथं न्हान्यांवर छप्पर नाई. बाया आत्ता आंघोळीले बसल्या असतीन."

मी गावाकडे पाहिलं. घरांच्या मागं तट्ट्याच्या, पत्र्याच्या, कुठं विटांच्या आडोशाच्या न्हाण्या. वरून सगळ्या उघड्या. नियमांच्या पुस्तकात उंची होती, अंतर होतं, वजन होतं. ही गोष्ट त्याला प्रशिक्षणात शिकवली का, असं मी विचारलं. "आपल्या घरची न्हानी तशीच होय," एवढंच तो बोलला. गावावरचा शॉट दहानंतर घ्यायचा आणि सकाळचं ऊन नदीकडच्या शेतांना द्यायचं, असं ठरलं. त्यामुळे माहितीपटात गाव सपाट दिसतं, सावल्या नाहीत. पाहणाऱ्यांपैकी एकानं तशी तक्रारही केली.

ड्रोन वर जायच्या आत माणसं जमली होती. इथं ड्रोन म्हणजे सरकार. स्वामित्व योजनेत गावठाणाच्या मोजणीसाठी ड्रोन फिरले, त्याआधी घराघराच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारल्या गेल्या, ते लोकांच्या लक्षात आहे. एका म्हातारबाबांनी विचारलं, "मोजनी होय का?" मागून एक बाई पुढे आली. सप्टेंबरच्या पावसानं तिचं सोयाबीन शेतातच सडलं होतं. "नुकसानीचा सर्वे होय नं बापा? आमचंई वावर घ्या त्यात." तिचा चेहरा पाहून मला 'हो' म्हणावंसं वाटलं. मुलानं मात्र ड्रोन खाली ठेवला, तिच्याजवळ गेला आणि स्पष्ट सांगितलं: हे सरकारी नाही, यातून कोणाला मदत मिळणार नाही, पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे जा, मोबाइलवर वावराचे फोटो काढून ठेवा. मग ज्यांच्या शेतावरून ड्रोन जाणार होता त्यांची नावं विचारून एकेकाचा होकार घेतला. यात तासभर गेला. त्या तासाचं मला फार वाईट वाटलं नाही, कारण एवढ्यात धुकंही विरलं.

प्रत्यक्ष उडणं मग पटकन उरकलं. एका बॅटरीवर वीसेक मिनिटं मिळतात आणि ड्रोन नजरेआड जाऊ द्यायचा नाही. रिमोटच्या पडद्यावर पहिल्यांदा शिवार दिसलं तेव्हा सगळे वाकून पाहू लागले. तुरीच्या हिरव्यात, कपाशीच्या ओळींत, चौकोनी चौकोनी पाणी. आपल्याच तालुक्यात इतकी तळी आहेत हे त्या म्हातारबाबांनाही ठाऊक नव्हतं. ते बोटानं मोजू लागले आणि कोणतं कोणाचं यावर शेजाऱ्याशी वाद घालू लागले. तो वाद आम्ही ध्वनिमुद्रित केला. माहितीपटातला सगळ्यात चांगला आवाज तोच आहे. तिसऱ्या फेरीला एक घार ड्रोनच्या मागं लागली. मुलानं तो सरळ वर नेला, घार मागं पडल्यावर उतरवला आणि बराच वेळ थांबला. "मे महिन्यात बोलावू नका बरं," तो तेवढ्यात म्हणाला. त्याच्या ड्रोनची मर्यादा 40 अंश आणि अकोल्याचा पारा त्या दिवसांत 45 गाठतो.

पैसे देताना मी करारात दोन गोष्टी घालून घेतल्या: कच्चं चित्रीकरण पूर्ण आमच्याकडे यावं आणि माणसांचे चेहरे वा घरांची अंगणं जवळून दिसणारे तुकडे त्यानं स्वतःच्या जाहिरातीत वापरू नयेत. दुसरी अट वाचून त्यानं लगेच सही केली आणि ती आपल्या छापील करारात कायमची घालतो म्हणाला.

सध्या तो फवारणीच्या ड्रोनसाठी बँकेत खेटे घालतोय. तो ड्रोन जड, त्याचा वर्ग वेगळा, प्रशिक्षणही वेगळं. लग्नसराई चार महिन्यांची. फवारणी कपाशीवर, तुरीवर, हरभऱ्यावर लांबते. आणि 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, त्यानंतर पाठीवर पंप घ्यायला माणसं कचरतात, असं त्याचं निरीक्षण. कर्ज झालं तर पहिली फवारणी तो घरच्याच तुरीवर करणार आहे. वडील अजून तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, वरून पडलेलं औषध पानाच्या खालच्या अळीला लागतं की नाही, ते आधी एका ओळीवर करून दाखव.