अंगी लागणं

आमच्या खानदेशात माणूस वाळू लागला की शेजारपाजारचे विचारतात, "खाल्लेलं अंगी लागत नाही का?" अब्बांच्या बाबतीत हा प्रश्न अक्षरशः खरा ठरला.

अब्बा आयुष्यभर सावद्याला केळीचे ट्रक भरण्याच्या हिशेबावर होते. काम सोडून जळगावला राहू लागले तेव्हा त्यांचं वजन 71 किलो होतं. दीड वर्षात ते 54 वर आलं. दिवसातून आठ-दहा वेळा जुलाब, मध्येच चेहरा लालबुंद. कुणी साखर म्हणालं, कुणी नजर. शेवटी निघाला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, आतड्यातून यकृतापर्यंत पसरलेला. हे नाव आम्ही मार्च 2018 मध्ये इरफान खान यांच्यामुळे ऐकलं होतं. 29 एप्रिल 2020 रोजी, रमजानच्या पहिल्याच आठवड्यात ते गेले. म्हणून नाव ऐकताच अम्मीनं डोळ्यांना पदर लावला. डॉक्टर म्हणाले, "प्रत्येकाचा ट्यूमर वेगळा असतो. यात वर्षानुवर्षं जगणारे रुग्ण आहेत."

अब्बांची गाठ सेरोटोनिन नावाचं संप्रेरक तयार करत होती. ते मोजायला चोवीस तासांची लघवी जमा करायची, आणि त्याआधी तीन दिवस केळी, वांगी, टोमॅटो, अननस, अक्रोड बंद. जळगावच्या माणसाला केळी आणि भरीत बंद! अब्बा त्या दुखण्यातही हसले. केळ्यानं रोग वाढत नाही, फक्त तपासणीचा आकडा फसवा येतो, हे कळल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी आधी केळं सोललं.

मग डॉक्टरांनी वजनाचं गणित सांगितलं. आपण खातो त्या प्रथिनातल्या ट्रिप्टोफॅनपैकी शंभरातला एखादाच भाग एरवी सेरोटोनिनकडे जातो. या रोगात गाठ निम्म्याहून अधिकही पळवते. मग नायसिन हे जीवनसत्त्व बनायला काही उरत नाही आणि पेलाग्रा होऊ शकतो. ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनच्या गरिबांमध्ये हाच पेलाग्रा दिसत असे. हैदराबादच्या डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी 1960 साली त्यावर लिहिलं होतं. तिथं कारण ताटात होतं. आमच्याकडे ताट भरलेलं, आणि चोर पोटात.

दर अठ्ठावीस दिवसांनी इंजेक्शन सुरू झालं. चेहरा लाल होणं थांबलं, जुलाब कमी झाले. अम्मीनं काळा मसाला आणि तेलाची तर्री आवरली, दोनदाच्या ताटाचे सहा छोटे घास-वेळ केले. अंडी, मासे, दाळ वाढवली. तरी वजन 52. शौच तेलकट होऊ लागलं. तपासल्यावर कळलं की तेच इंजेक्शन स्वादुपिंडाचा पाचक रसही कमी करतं. स्निग्ध पदार्थ पचत नाहीत, त्यांच्याबरोबर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही वाहून जातात. उपाय म्हणून जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या पाचक रसाच्या कॅप्सूल.

घरी येऊन मी कागद वाचला. तो रस डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेला होता.

भाई म्हणाला, "अब्बा को मत बताना." मी कागद पर्समध्ये ठेवला. दोन महिन्यांत वजन 54 झालं. दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी धुळ्याहून एस.टी.नं यायची. पारोळा, एरंडोल मागे पडायचं आणि पर्समधला तो कागद जड होत जायचा. वर्गात मुलांना अमानतचा अर्थ शिकवणारी मी, आणि बापाच्या ताटात काय जातं ते त्यालाच सांगत नव्हते. एका रविवारी सांगून टाकलं.

अब्बांनी ताट सरकवलं. बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गोली का दुख नहीं बेटा. तूने मुझसे पूछा क्यों नहीं?"

कॅप्सूल बंद झाल्या. दोन आठवड्यांत दीड किलो वजन गेलं. मग अब्बा स्वतःच मोहल्ल्यातल्या मौलानांकडे गेले. मौलानांनी दोनच प्रश्न विचारले: दुसरं औषध मिळतं का? न घेतल्यास काय होईल? मी डॉक्टरांकडून लेखी उत्तर आणलं. बुरशीपासून बनवलेली पाचक औषधं मिळतात, पण या आजारात ती पुरी पडत नाहीत. न घेतल्यास उपासमार. मौलानांनी सूरह बकराची 173 वी आयत काढून समजावलं की नाइलाजानं, हाव न धरता, हद्द न ओलांडता घेणाऱ्यावर गुनाह नाही. रोज्यांचंही त्यांनीच सांगितलं. थोडं थोडं सहा वेळा खाणं हाच ज्याचा इलाज आहे, त्यानं रोजा धरू नये; फिदया द्यावा.

त्या रात्री अब्बांनी बिस्मिल्लाह म्हणून पहिला घास घेतला, त्याबरोबर कॅप्सूल, आणि मग माझ्याकडे बघून, "अब ठीक है" म्हणाले.

पुढच्या रमजानमध्ये आमचा रोजा सुटायची वेळ झाली की अब्बा सर्वांसाठी केळी कापून ठेवायचे. त्यांनी स्वतः दुपारीच खाल्लेलं असायचं, आणि त्याची त्यांना लाज वाटत नव्हती. वजन 57 वर थांबलं आहे.

आपल्या घरांत आजाऱ्यापासून गोष्टी लपवणं ही माया समजली जाते. मीही तेच समजत होते. आता वाटतं, औषधाबद्दल डॉक्टरांना विचारावं, दीनबद्दल जाणकाराला, पण दोघांच्या आधी ज्याच्या तोंडात घास जाणार त्याला विचारावं. त्याची रजामंदी असली की घास अंगी लागण्याची वाट तरी मोकळी होते.