नख सांगते आणि लपवतेही

नखावर पांढरा ठिपका दिसला की घरातील वडीलधारी माणसे ‘कॅल्शियम कमी झाले’ असे निदान करून मोकळी होतात. वास्तविक असा ठिपका बहुधा नखाच्या मुळाशी बसलेल्या किरकोळ माराची खूण असतो. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. त्यामुळे आज मधोमध दिसणारा ठिपका दोन-तीन महिन्यांपूर्वी दारात चिमटलेल्या बोटाची आठवण असू शकतो. नख वाचायचे ते असे, मागच्या तारखेने.

पश्चिम बंगालमधील आर्सेनिकयुक्त भूजलाच्या अभ्यासात शास्त्रज्ञांनी गावकऱ्यांची कापलेली नखे याच कारणासाठी तपासली. नखातील केराटिनला चिकटलेले आर्सेनिक मागील काही महिन्यांची साक्ष देते. मात्र ती साक्ष प्रयोगशाळेत मिळते. नुसत्या डोळ्यांना ते नख निरोगीही भासू शकते.

हा भास महागात पडतो तो रक्तक्षयात. दीर्घकाळ लोह कमी पडल्यास नखे चमच्यासारखी खोलगट होतात, हे पाठ्यपुस्तकात असते. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे आणि त्यांतील बहुतेकींची नखे तशी नसतात. जिना चढताना धाप लागणारी मुलगी गुलाबी नखांकडे पाहून निर्धास्त राहिली, तर तपासणी लांबते.

नखाने शंका उपस्थित करावी. उत्तर हिमोग्लोबिनच्या चाचणीनेच द्यावे.