म्हैसुरी कोषाचे माहेर

बंगळूरहून म्हैसूरकडे निघालेल्या प्रवाशास सुमारे पन्नास किलोमीटरवर रामनगर लागते. गावाभोवती करड्या, उघड्याबोडक्या शिळांचे डोंगर आहेत. त्यांचे दर्शन घ्यावेच, परंतु त्याआधी येथील कोषबाजारात जावे. लांबच लांब मांडलेल्या तबकांत रेशमाच्या कोषांच्या राशी ओतलेल्या असतात. काही शुभ्र, काही पिवळसर. व्यापारी कोष बोटांनी दाबून पाहतात, बोली चढते आणि शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या महिनाभराच्या श्रमांचे मोल ठरते.

हे श्रम थोडेथोडके नव्हेत. अंड्यातून बाहेर पडलेली इवलीशी अळी तुतीचा पाला खात खात चार वेळा कात टाकते. पंचवीस-सव्वीस दिवसांत तिचे वजन मूळच्या सुमारे दहा हजार पट होते. मग ती खाणे सोडते आणि बांबूच्या चंद्रिकेवर स्वतःभोवती कोष विणते. आत अळीचा पतंग व्हावयाचा असतो. परंतु अखंड धागा हवा असेल, तर त्यापूर्वीच कोष उकळावा लागतो.

मात्र सर्व कोष सारखे नसतात. म्हैसूरचा जुना वाण लहान, हिरवट-पिवळा कोष देतो. त्याचा धागा तीन-चारशे मीटरच भरतो, पण तो किडा येथील ऊन आणि रोगराई सोसतो. याउलट, शुभ्र कोषाच्या वाणाचा धागा हजार मीटरच्या घरात जातो. पण तो किडा नाजूक असतो. दोहोंचा संकर केला, तर संततीत काटकपणा व भरघोस धागा यांचा मेळ बसतो, हे तत्त्व जपानी शास्त्रज्ञ तोयामा कामेतारो यांनी १९०६ साली पुढे मांडले. म्हैसूर येथील केंद्रीय रेशीम संशोधन संस्था १९६१ पासून त्याच वाटेने चालत आहे. म्हैसुरी मादी आणि शुभ्र कोषाचा नर यांची संतती आज दक्षिणेतील घरोघरी पाळली जाते.

येथेच एक पेच आहे. संकराची पुढची पिढी एकसारखी निपजत नाही. आनुवंशिक गुण पुन्हा विखुरतात. म्हणून दर वेळी शुद्ध आईबापांकडेच परतावे लागते. धान्याचे बी कोठारात वर्षानुवर्षे राहील. किड्याची अंडी तशी राहत नाहीत. वाण जगवावयाचा, तर तो दरवर्षी वाढवावाच लागतो. होसूर येथील केंद्रात देशोदेशींचे शेकडो वाण असे पिढ्यान्पिढ्या जोपासले जातात.

रामनगरच्या उत्तरेस मागडी व कुणिगल हा टापू म्हैसुरी वाणाचे बीजक्षेत्र म्हणून राखलेला आहे. तेथील कुटुंबे तोच लहान, हिरवट-पिवळा कोष घेतात. हे कोष उकळत्या पाण्यात पडत नाहीत. त्यांतून पतंग बाहेर येतात. अंडी घातलेली मादी वाटून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. तिच्यात पेब्रीन रोगाचे जंतू आढळले, तर तिची अंडी नष्ट करतात. ही रीत लुई पाश्चरने एकोणिसाव्या शतकात घालून दिली.

बाजारात मान शुभ्र कोषाला मिळतो. तथापि, मागडीच्या एखाद्या घरात म्हैसुरी किडा पाळावयाचे थांबले, तर रामनगरच्या तबकांतील एक राशही कमी होईल. रेशमी वस्त्र अंगावर घेताना त्या अनामिक घराचे स्मरण आपणांस असावे.