पानिपतचा पेंढा

आपल्या ग्वाल्हेरकरांना पानिपत वेगळं सांगावं लागत नाही. महादजी शिंदे तिथून पायाने अधू होऊन परतले, हे घराघरात ठाऊक. पण ग्वाल्हेरवरून जाणारा ४४ क्रमांकाचा हायवेच पुढे पानिपतला जातो, हे मला नोकरीसाठी गुरुग्रामला आल्यावर कळलं.

नोव्हेंबरात बाबा आले, म्हणून त्यांना काला आम दाखवायला नेलं. लेकीला घरीच ठेवलं. त्या आठवड्यात तिला रोज रात्री नेब्युलायझर लागत होता. स्मारकाच्या विटांच्या स्तंभापुढे बाबा हात जोडून उभे, भोवती धूर, आणि माझ्या डोक्यात शेतकऱ्यांवरचा राग.

चहाच्या टपरीवर एक म्हातारे शेतकरी भेटले. मी बोललोच, "ताऊजी, तुम्ही पेंढा जाळता, आमची पोरं गुदमरतात."

ते शांतपणे म्हणाले, "भात निघाला की गव्हाच्या पेरणीला जेमतेम तीन आठवडे. हा पेंढा जनावरंही नीट खात नाहीत. उचलायला मशीन, ट्रॅक्टर, माणसं, सगळ्याला पैसा. आणि बेटा, तू आलास कशाने?"

मी गाडीनेच आलो होतो.

यंदा गठ्ठे बांधणारं मशीन मिळाल्याने त्यांचं अर्धं रान जाळावं लागलं नव्हतं. ते गठ्ठे बाहोलीकडे जातात म्हणाले. परतताना आम्हीही तिकडे वळलो. इंडियन ऑइलचा हा कारखाना १० ऑगस्ट २०२२ ला सुरू झाला. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचं. वर्षाला २ लाख टन पेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल, असा हिशेब. आत कोण सोडणार! बाहेरूनच पाहिलं.

बाबांनी विचारलं, "गवताची दारू होते कशी?"

पेंढ्यात साखर असते, पण सेल्युलोजच्या साखळ्यांत अडकलेली, वरून लिग्निनचा गिलावा. आधी तो सैल करावा लागतो. एक पद्धत निव्वळ गरम पाण्याची. घरच्या कुकरमध्ये १२० अंशांच्या आसपास तापमान जातं, इथे १८० ते २०० किंवा त्याहूनही वर. दाब इतका की पाणी उकळत नाही, पाणीच राहतं. त्यात हेमिसेल्युलोज विरघळतं, मग एन्झाइमना आत शिरता येतं आणि मोकळी झालेली साखर यीस्ट खातं. फार शिजवलं तर साखर करपते आणि यीस्टला बाधणारी रसायनं तयार होतात. काही कारखाने वाफ आणि सौम्य आम्लही वापरतात.

"म्हणजे शिट्ट्या मोजायच्या," बाबा म्हणाले. आमच्या टीममध्ये इतकं नेमकं कुणी बोलत नाही.

रस्त्यावर सांडलेला मूठभर पेंढा त्यांनी खिशात घातला. रात्री लेकीने मास्क बाजूला करून तो हातात घेतला आणि कुकर मागितला. बायकोने दिला नाही.